एक्केचाळीस नंबरचा पंखा

जन्मात समुद्र न पाहिलेला माणूस जहाजांचे पंखे तोलून देत होता, आणि लोणावळ्यात त्याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. लढाईचं चौथं वर्ष होतं. नवल वाटून घ्यायला सवड होती कुणाला! मुंबईच्या गोद्यांत काम मावेना, म्हणून घाटमाथ्यावर रुळांच्या कडेला पत्र्याच्या तीन लांबलचक शेडी ठोकून एक कारखाना उभा केला होता. मालगाडीतून जहाज पुढे ढकलणारे तीन पात्यांचे ओतीव पितळी पंखे यायचे, अगदी ओबडधोबड. छिन्नीखालून, कानशीखालून जाऊन ते चकचकीत व्हायचे, खोक्यात बसायचे आणि परत घाट उतरायचे.

यातलं शेवटचं काम तोलखोलीत चाले, आणि तोलखोली म्हणजे नवशा.

पद्धत सांगायला सोपी आहे. पोलादाच्या दोन पट्ट्या समोरासमोर पाणसळीत बसवलेल्या, वरची कड सुरीसारखी. पंख्याच्या भोकात दांडा घालायचा आणि तो त्या दोन सुऱ्यांवर ठेवून द्यायचा. जे पातं जड असेल ते आपसूक खाली येतं. त्याच्या पाठीवरून थोडं पितळ घासून काढायचं, पुन्हा ठेवायचं, पुन्हा बघायचं. कसाही फिरवून सोडला तरी पंखा सोडला तिथेच थांबला, की तो तोलात आला. सांगायला एवढंच, करायला बसलं की नाकीनऊ येतात. नको तिथे घासलं तर पात्याचा पीळ बिघडतो, जास्त घासलं तर तेच पातं हलकं होऊन दुसरी दोन जड होतात. शिकलेसवरलेले फिटर एकेका पंख्यापुढे दोन-दोन दिवस रडायचे. नवशा तळहात पात्यावरून एकदा खालून वर आणि एकदा वरून खाली फिरवायचा, हात अडेल तिथे खडूने फुली मारायचा, आणि तेवढी फुली घासली की पंखा जागच्या जागी उभा. मग पंख्याच्या तुंब्यावर, म्हणजे पाती जुळतात त्या मधल्या गोळ्यावर, तो आपला नंबर ठोकायचा, एक्केचाळीस.

हा हात काही त्याला कारखान्याने दिलेला नव्हता. नवशा कुरवंड्याच्या वरच्या वाडीतला, नागफणीच्या कड्याशेजारचा. वाडीची माणसं दर चैत्रातल्या अमावास्येला कड्यावरची आग्या मोहोळं काढायची. एकाने कमरेला वाखाचा दोर बांधून, धुरी घेऊन खाली उतरायचं, आणि दुसऱ्याने वर झाडाच्या बुंध्याला वेढा देऊन दोर धरायचा. खालचा माणूस दिसत नाही, त्याची हाक वाऱ्यात ऐकू येत नाही. दोर हाताला सांगेल तेवढंच खरं. आता पाय टेकले, आता पोळ्याला कोयता लागला, आता माश्या चवताळल्या, ओढ. नवशाच्या तळहातांची शाळा ती.

दोर कुणी धरायचा याचा वाडीत एकच कायदा होता. उतरणाऱ्याच्या बायकोच्या भावाने. आपल्या बहिणीचं कुंकू ज्याच्या मुठीत, तो मूठ सोडत नाही. सख्ख्या भावाने मात्र दोराला हात लावायचा नाही, कारण भावाला जमिनीत वाटा असतो. म्हणजे भाऊ वाईटच असतो असं नव्हे; पण भरल्या कड्यावर माणसाच्या मनात काय येऊन जाईल त्याची परीक्षा कशाला बघा, असं वाडीच्या कोंडाजीआबांसारख्या जुन्या लोकांचं म्हणणं. नवशाची धाकटी बहीण चिंगी, तिचा नवरा कोंडू. कोंडू उतरायचा, नवशा धरायचा, असं नऊ वर्षं चाललं होतं. कारखान्यात लागल्यावरही चैत्रात दोन दिवस तो न चुकता वाडीवर जायचा. नवशाचे आईबाप गेलेले. बायको सावित्रा तीन वर्षांमागे तापाने गेली, मूलबाळ नाही, घराला कुलूप. वाडीत त्याचं म्हणून राहिलं होतं ते एवढंच, चैत्रातला तो दोर.

यंदा मात्र कारखान्याचं फाटक बंद होतं. शिमग्याला दोन फिटर घरी गेले ते परतलेच नाहीत. पोलिसांनी मोटारीत घालून आणले, आणि लढाईच्या कामावरून बिनपरवाना पळाले म्हणून सहा-सहा महिने खडी फोडायला पाठवले. तेव्हापासून हुकूम निघाला, की ज्यांच्यावाचून काम अडतं त्यांनी आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. झोपायला शेडीमागच्या खोल्या, जेवायला कारखान्याची खानावळ, भोवताली काटेरी तार. तोलखोलीच्या खिडकीतून डोंगराची धार दिसायची. कुरवंडं तिथून दोन तासांच्या वाटेवर. ज्याचं घर चार दिवसांच्या वाटेवर असतं तो सुखी म्हणायचा, तो नाद सोडून देतो. दोन तासांची वाट रोज डोळ्यांपुढे पसरलेली असली की माणूस आतल्या आत झुरतो, आणि नवशा झुरत होता.

बुधवारी दुपारच्या सुट्टीत फाटकावरून रखमाजीने हाक मारली. रखमाजी इंदुरीचा, आधीच्या लढाईत जाऊन आलेला दरवान. अंगात बळ उरलं नव्हतं, पण मिशांचा रुबाब तसाच होता.

"नवशा, तुजी भन आलीया. तारंच्या अल्याडनं काय बोलायचं ते बोल. पल्याड जाऊ नगंस, माजी नोकरी खाशील."

चिंगी घामाघूम होऊन तारेला धरून उभी होती.

"दादा, सोमवारी अवस हाय."

"ठाव हाय मला."

"ह्ये म्हनत्यात, नवशा आला तर बेस, न्हाईतर सोपान धरंल दोर."

सोपान म्हणजे कोंडूचा सख्खा भाऊ.

"दाजीचं डोस्कं फिरलंय का? यंदा ऱ्हाऊ द्या म्हनावं."

"म्या म्हनले न्हाई व्हय? म्हनत्यात, यंदा न्हाई उतरलो तर कड्याचा मान दुसऱ्या घरात जाईल. भावजी वाईट न्हाईत रं दादा, पर त्यांच्या हातनं गाईचं दावंसुदिक सुटतंय." तारेतून बोटं घालून तिने त्याचं मनगट धरलं. "तू ये. कसंबी करून ये. न्हाई आलास तर माजं कुंकू गेलंच म्हनून समज."

"येतो," नवशा म्हणाला. कसा येणार हे त्याला ठाऊक नव्हतं, पण बहिणीपुढे दुसरं काय तोंडातून निघणार!

तो थेट फोरमनकडे गेला. फोरमन पारशी होता, सगळे त्याला बावाजी म्हणत. मनाने मऊ आणि तोंडाने फाटका. नवशाचं सगळं ऐकून घेऊन त्याने कपाळावर हात मारला.

"अरे दीकरा, मुंबैहून रोज तार येते, पंखा पाठव, पंखा पाठव. अजून चार बाकी हाय. तुला सोडला तर तोलेल कोन, मी? माजा हात बघ, चायचा कप धरला तर बशी वाजते. चार पंखा संपव, मग जा, पंधरा दिवस जा."

चार पंखे अजून छिन्नीखालीच होते; ते तोलखोलीत येऊन संपायचे म्हणजे अमावास्या उलटून दहा दिवस. तार ओलांडून पळण्याचा विचारही नवशाने करून पाहिला. पण पोलीस आधी कुरवंड्यालाच येणार, आणि दाजी खाली लोंबकळत असताना त्यांनी दोर धरणाऱ्याचंच बखोट धरलं तर? त्यापेक्षा सोपान परवडला. विचार करकरून डोकं शिणलं, आणि मग त्याला गेणू आठवला.

गेणू पूर्वी कानशीवर होता. त्याच्या हातून एक पातं नको इतकं घासलं गेलं, मुंबईच्या साहेबाने पंखा नापास केला, आणि बावाजीने सात पिढ्यांचा उद्धार करून त्याच दिवशी गेणूला कागद दिला. हात बिघडला, कामाला नालायक. रखमाजीने तो कागद बघून फाटक सताड उघडलं. म्हणजे ज्याचा हात चांगला तो आत कोंडलेला, आणि ज्याचा बिघडला तो मोकळा. असला न्याय देवाच्या दारीही नसेल, पण नवशाला त्यात वाट दिसली.

बुधवारी संध्याकाळी त्याने हातातला पंखा नेहमीसारखा तोलात आणला. आणि मग एका पात्याच्या पाठीवर कानस धरली. हात पुढे जाईना. दोन वर्षं ज्या हाताने नीट केलं त्याच हाताने बिघडवायचं म्हणजे स्वतःच्या थोबाडीत मारून घेण्यासारखं. तरी डोळे मिटून त्याने मूठभर कीस पाडला, पातं पुसलं, आणि तुंब्यावर नंबर ठोकला.

गुरुवारी मुंबईचा साहेब यायचा. आलेला प्रत्येक पंखा तो स्वतः सुऱ्यांवर चढवून बघायचा, म्हणून नवशा निर्धास्त होता. शिव्या खायच्या, कागद घ्यायचा, शुक्रवारी वाडीवर. साहेब आला, पण गाडी दीड तास उशिरा आलेली आणि परतीची समोर उभी. त्याने खिशातून शिक्का काढला, वाकून तुंब्यावरचा नंबर वाचला आणि हसला.

"एक्केचाळीस? मग काय बघायचं!"

आणि ठाणकन शिक्का मारून तो चालू लागला. बावाजीने अभिमानाने नवशाच्या पाठीवर थाप मारली. दोन माणसांनी पंखा खोक्यात घातला, फळ्या ठोकल्या. खोकं शनिवारच्या मालगाडीने जाणार होतं.

आपल्याच नंबराने आपल्याला असा दगा द्यावा! चार दिवसांत दुसरा पंखा बिघडवला तरी पुढचा गुरुवार अमावास्येपलीकडे. आणि हा पहिला? बावाजीने मागे एकदा सांगितलं होतं ते त्याच्या डोक्यातून जाईना. तोल नसलेला पंखा दांडा हलवतो, दांडा भोक मोठं करतो, भोकातून पाणी आत येतं. आत माणसं असतात, पंचवीस, तीस. ती खाली यंत्रापाशी कामात असतात, पंखा कुणी तोलला ते त्यांना दिसत नाही. नवशाला समुद्र माहीत नव्हता, पण खाली असलेला आणि वरचा न दिसणारा माणूस त्याला पक्का माहीत होता. ही तीस माणसं आपल्या दोरावर आहेत आणि आपण तो दोर सोडलाय, असं मनात आलं, आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

शुक्रवारी सकाळी तो बावाजीपुढे उभा राहिला.

"बावाजी, त्यो खोका उघडा. पंखा तोलात न्हाई."

बावाजी हसला, मग त्याचा चेहरा बघून हसायचा थांबला. खोकं फोडलं, पंखा सुऱ्यांवर चढवला. दोन जड पाती धाडकन खाली आली आणि तिसरं छपराकडे बोट दाखवून उभं राहिलं. तोलखोलीत दोघंच होते. बावाजीने दार लोटून घेतलं.

"माजा हात घसरला," नवशा म्हणाला. "हात बिघडला माजा. कागद द्या मला."

"तुजा हात घसरते?" बावाजीने आवाज चढवला नाही, त्याचीच भीती वाटली. "गेणूचा घसरते. तुजा नाय. खोटा बोलू नको. आता ऐक. हे मुद्दाम केला असं मी लिवला, तर पोलीस तुला घेऊन जाते, आणि परत कदी सोडते ते त्यालाच माहीत. म्हनून मी काय बगितला नाय. तू बराबर कर. ज्या वक्ताला पंखा हलायचा बंद, त्या वक्ताला मी पास लिवते, दोन दिवसचा. शनवारची गाडी गेली तर गेली."

"सोमवारच्या आत?"

"सोमवारी पाच वाजेपर्यंत हापिसचा कारकून बसते. शिक्का त्याच्याकडे."

पाचला पास मिळाला तर धावत-चालत सातच्या आत कडा. उतरायचं तिन्हीसांजेला, माश्या थंडावल्या की. नवशाने हिशेब केला आणि कानस उचलली.

हलकं झालेलं पातं काही परत जड करता येत नाही. उरलेली दोन त्याच्या बरोबरीला आणायची, तीही पीळ सांभाळून, दोन्हीकडून सारखं. शनिवार गेला. रविवार गेला. जेवायला ताट आलं की त्याला भूक नसायची आणि न जेवता हात चालायचा नाही, म्हणून तो कसेबसे घास लोटायचा. घाईने हात जड झाला होता. नेहमी आपणहून बोलणारं पितळ आता गप्प बसलं होतं. एकदा जास्त घासलं गेलं आणि पुन्हा बाकीच्या दोघांना उतरवायची पाळी आली, तेव्हा तो पंख्यालाच आईमाईवरून बोलला.

सोमवारी साडेचारला त्याने पंखा सुऱ्यांवर ठेवला, एक पातं वर करून सोडलं आणि श्वास धरला. पंखा थांबला. थांबलाच! नवशाच्या डोळ्यांत पाणी आलं. दारातून बावाजीने डोकावून पाहिलं आणि चष्मा पुसला.

"जाला? लिवू पास?"

नवशाने पात्याला अलगद तळहात टेकवला. आणि हाताला ते कळलं. पंखा थांबलेला नव्हता. तो जात होता, इतका सावकाश की डोळ्याला दिसू नये. घड्याळातला काटा जातो तसा. मुंबईच्या साहेबाला हे जन्मात सापडलं नसतं, बावाजीला तर नाहीच. 'व्हय' एवढा एक शब्द. पाच मिनिटांत फाटक, दोन तासांत कडा, आणि हातात दोर.

खिडकीबाहेर ऊन उतरत होतं. वाडीवर आता कोंडू दोर भिजवत असेल, बुंधा निवडत असेल. चिंगी वाटेकडे बघत असेल.

"बोल ना रे," बावाजी म्हणाला. "कारकून छत्री घेऊन उबा हाय."

"न्हाई," नवशा म्हणाला. "हलतुया अजून."

बावाजीने पंख्याकडे पाहिलं, नवशाकडे पाहिलं, आणि निघून गेला. नवशाने पात्यावर खडूची फुली मारली. पाचचा भोंगा झाला. सहाचा ठोका पडला. खिडकीतली डोंगराची धार तांबडी झाली, मग निळी झाली. त्याच वेळी कधीतरी पंखा खरोखर थांबला. कसाही फिरवला तरी सोडला तिथे राहिला. नवशाने नंबर पुन्हा ठोकायची गरज नव्हती, तो आधीचाच होता. तो सुऱ्यांपाशी जमिनीवर बसला आणि दोन्ही मुठी इतक्या आवळल्या की नखं तळहातात रुतली. हवेत धरून ठेवायला काही नव्हतं, तरी त्याने मुठी सोडल्या नाहीत.

मंगळवारी सकाळी कारकून आला, शिक्का झाला, बावाजीने पास हातावर ठेवला. नवशा धावतच फाटकाशी गेला आणि जागीच थिजला. तारेपलीकडे चिंगी उभी होती. त्याने आधी तिचं कपाळ बघितलं. कुंकू होतं.

"दाजी?"

"घरी हायेत. तोंड सुजलंय भोपळ्यावानी, पर हायेत." ती हसली. मग त्याला तिचे हात दिसले. दोन्ही हातांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या, त्यांतून हळद आणि रक्त एकत्र पाझरलेलं.

"दोर कुनी धरला, चिंगे?"

"म्याच धरला." तिने मान ताठ केली. "तू येत न्हाईस म्हनल्यावर सोपान भावजी फुडं झालं. म्हनलं, व्हा बाजूला. ज्याला कुंकवाची काळजी त्यानं धरायचा ना? मग माज्यापरीस कुनाला हाय? बाया कड्यावर येत न्हाईत म्हनून कोंडाजीआबा ओरडाया लागलं. तवर ह्ये उतरलंबी."

रखमाजीने फाटक उघडलं होतं. नवशाने तिचा हात हातात घेतला, चिंधी सैल केली. कातडं सोलून निघालं होतं. त्याने अंगठ्याने कडेकडेने चाचपलं; दोर कुठे कुठे घसरला ते त्याला एकेक कळत गेलं.

"लय आवळून धरलास गं. दोर हातात खेळता ठेवायचा असतोय, ढिला सोडून धरायचा."

"कुनी शिकवलं हुतं मला?" ती म्हणाली. रागाने नव्हे, सहजच. त्याने चिंधी पुन्हा नीट गुंडाळली.

"शिकंन फुडल्या साली," ती म्हणाली. "कोंडाजीआबानं समद्या वाडीम्होरं सांगितलंय, हितनं फुडं कोंडूचा दोर चिंगीचा. तुला आता धावपळ न्हाई दादा. जीवाला घोर न्हाई." तिला खरंच वाटत होतं, की आपण भावाच्या खांद्यावरचं ओझं उतरवलं. तिने पदराआडून पळसाच्या पानात बांधलेला पोळ्याचा तुकडा काढून त्याच्या हातात दिला. "ह्यो तुजा वाटा. जाते मी, ह्यास्नी एकलं सोडून आलीया. तूबी ये की, च्या पिऊन जा."

"तू हो फुडं," नवशा म्हणाला.

ती भराभरा चालत कुरवंड्याच्या वाटेवरच्या वळणाआड गेली. तिचं कुंकू वाचलं होतं, दाजीचा जीव वाचला होता, आणि त्याला आनंद झाला होता, खराच झाला होता. मग पाय का उचलत नाहीत ते त्याला कळेना. दोन दिवसांचा पास. जायचं कुठे? कुलूप काढून आत बसायचं, की कोंडूच्या ओट्यावर पाहुण्यासारखा चहा प्यायचा? पानातून मध गळून बोटांवर आला. असल्या चिकट हाताला पितळ कळत नाही, हात आधी राखेने घासावे लागतील, हे त्याच्या मनात आलं, आणि हेच पहिलं आलं म्हणून त्याला रडू फुटलं.

"जा की लेका," रखमाजी फाटकाला टेकून म्हणाला. "किती येळ उघडं ठिवू? दोन दिस तुजंच हायेत."

नवशाने पास त्याच्या हातात दिला आणि आत वळला.

"रखमाजी, फाटक घ्या लावून."